आठ पात्यांचा पंखा

दाजींनी पोतं माझ्या कामाच्या टेबलावर आपटलं आणि त्याचं तोंड सोडलं. आत पंखा होता. मोठ्या गाडीचा, लोखंडी, आठ पात्यांचा. वरून काळा ऑइलपेंट मारलेला, त्याचा वास अजून येत होता.

"हा बसवायचा," दाजी म्हणाले. "आजच."

मी हातातला पाना खाली ठेवला. "कुठनं आणलासा?"

"कोल्हापुरातनं, जुन्या बाजारातनं. सर्जेरावानं असलाच बसवलाय. भरलेली गाडी घाट चढून येती, पर टेंपरेचरचा काटा निम्म्यावरनं हालत न्हाई."

"सर्जेरावाची गाडी निराळी, तुमची निराळी."

"टरकच की दोन्ही."

माझं डोकं तिथूनच फिरायला लागलं. मलकापुरात हायवेला माझं गॅरेज होतं, इंजिनाच्या कामात मला पंचवीस वर्षं झाली होती, आणि मला शिकवायला कोण, तर सर्जेराव. जो रेडिएटरमध्ये पाणी घालायलासुद्धा दुसऱ्याला हाक मारतो.

पण दाजींना तोडून बोलता येत नव्हतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, शेवंताआक्काचे मालक. आकाराम त्यांचं नाव. स्वतःची गाडी, स्वतः चालवायचे. सकाळी रिकामी गाडी घेऊन आंबा घाट उतरायचे, खाली साखरप्याच्या पुढं खाणीवर जांभा चिरा भरायचे आणि दिवस मावळायच्या आत घाट चढून वर यायचे. दिवाळीपासून ती गाडी घाटात तापायला लागली होती. आधी एका ठिकाणी थांबायला लागायचं, मग दोन, मग चार. दाजी रस्त्याकडेला पाण्याचा कॅन घेऊन उभे आणि मागनं येणारे ड्रायव्हर हॉर्न वाजवून हसत पुढं जाणार, हे रोजचं झालं होतं. माणूस मानी. त्यांना ते सोसत नव्हतं.

मी पंखा उचलून त्यांच्याच हातात दिला. "वजन बघा."

"हाय जरा जड."

"जरा? तुमचा आत्ताचा सहा पात्यांचा आहे, ह्याच्या निम्म्यानं भरेल. हे सगळं वजन लटकणार कशावर, तर वॉटर पंपाच्या एवढ्याशा दांडीवर. चार महिन्यांत बेअरिंगचा खुळखुळा होईल. ते जाऊ दे, बेअरिंग मी बदलीन. इकडं या."

त्यांना केबिनमध्ये चढवलं. त्या गाडीचं इंजिन केबिनच्या मधोमध, ड्रायव्हरच्या डाव्या अंगाला, वरून पत्र्याचं झाकण. मी झाकण उघडलं आणि पंखा आणि रेडिएटर यांच्यामध्ये हात घातला.

"ही चार बोटं जागा आहे. तुमचा हा नवा पंखा जाड आहे, पुढं येणार. एक बोट राहील. पंख्याभोवतीचं पत्र्याचं कडं काढून टाकावं लागेल, कारण त्यात तो मावायचा नाही. आणि हे बघा." मी पहार इंजिनाखाली घालून जरा रेटलं. इंजिन मुकाट पुढं सरकलं आणि परत मागं बसलं. "इंजिन ज्या रबरांवर बसलंय ती रबरं गेलीत. घाट उतरताना जोरात ब्रेक मारलात तर गाडी थांबंल, इंजिन थांबायचं नाही. ते असं पुढं येईल. पातं रेडिएटरात घुसंल. घुसलं की तुटंल. तुटलेलं पातं कुठं जातं ते सांगता येत नाही. तुमचा डावा पाय कुठं असतो गाडी चालवताना?"

दाजींनी बघितलं. झाकणाला लागूनच क्लचचा पाय.

"सर्जेरावाचं कुठं काय झालंय?" ते म्हणाले.

मी झाकण दाणकन लावलं. मला राग लवकर येतो, आणि आला की मी कुणाचं ऐकत नाही. हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मलाच काय ते ठाऊक नव्हतं.

राग यायचं कारणही होतं. त्या गाडीसाठी मी काय करायचं ठेवलं होतं? थर्मोस्टॅट बदलला. बेल्ट बदलला. डिझेलचा पंप तपासला. रेडिएटर दोनदा उतरवून आतनं साफ केला, नळी नळी उजेडाला धरून बघितली. गॅरेजात गाडी तासभर चालू ठेवायची, काटा जागचा हालत नसे. म्हणून दाजींना द्यायची, की दुसऱ्या दिवशी निरोप: तापली. परत आणा. परत काढा. माझी बाकीची कामं तशीच पडून आणि मी ह्या एका गाडीत डोकं घालून बसलेलो.

रेडिएटर उतरवायचा म्हणजे आधी समोरची पाटी उतरवावी लागायची. ती मात्र मी कुणाच्या हातात देत नसे. चार नट स्वतः सोडायचो, धुतलेल्या फडक्यात गुंडाळून आत देव्हाऱ्याखाली ठेवायचो आणि सगळं काम झालं, हातबीत धुतले, की शेवटी परत स्वतः बसवायचो. पाटी माझ्या आईच्या नावाची होती.

आई त्याच वर्षी श्रावणात गेली. दाजी तेव्हा गाडी घेऊन पनवेलच्या पुढं कुठं तरी होते. निरोप पोचून ते येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. आल्या आल्या, हातपाय धुवायच्या आधी, मी त्यांना भरल्या घरात बोललो. "जावयाला गाडी मोठी, सासू न्हाई." चारचौघांत बोललो. आक्का तोंडाला पदर लावून उभी होती. दाजी ओसरीवर खाली मान घालून बसले.

मग मलाच वाईट वाटलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीच्या पूजेला त्यांची गाडी माझ्याच दारात आली, तेव्हा मी कोल्हापुरातनं पाटी करून आणून ठेवली होती. स्टीलची, चकचकीत, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. लहानसहान काही करणं माझ्या स्वभावात नाही. वर लिहिलं होतं, 'आईची पुण्याई', आणि खाली आईचं पूर्ण नाव. गाडीच्या तोंडावर, बरोबर मधोमध, मी स्वतः बसवली. नारळ फोडला आणि जमलेल्या सगळ्यांसमोर म्हणालो, "ही पाटी गाडीवर हाय तवर दाजींबद्दल माझं कायबी म्हणणं न्हाई. झालं गेलं सपलं." दाजींनी पाटीला हात लावून नमस्कार केला. आक्काला रडू आलं. मला वाटलं, मी फार मोठं मन केलं.

तर सांगत काय होतो, गाडी तापायची. दिवाळीच्या सुमाराला खाणी सुरू होतात, चिऱ्याचा भार सुरू होतो, म्हणून भारानंच तापत असणार, असं सगळ्यांचं म्हणणं. मी म्हणत होतो भारानं तापायला ही काय पहिल्यांदा चिरा वाहतेय? शेवटी एक दिवस मी पानेबिने गुंडाळले आणि दाजींना म्हणालो, "आज मी चालवणार. तुम्ही शेजारी बसा." रेडिएटर आदल्या संध्याकाळी बसवून झाला होता, बाकी आवराआवर राहिली होती, ती आल्यावर करू म्हटलं. खाली गेलो, चिरा भरला, भरलेली गाडी घेऊन घाटाला लागलो. एकाही ठिकाणी थांबलो नाही. काटा निम्म्याच्या वर सरकला नाही. घाट संपल्यावर मी गाडी कडेला घेतली आणि काट्यावर बोट ठेवलं.

"बघितलंसा?"

"बघितलं." दाजी खरंच चकित झाले होते. मग म्हणाले, "पावणं, एक बोलू का? आज गाडीच्या पुढं..."

"पुढं काय आन् मागं काय," मी तोडलं. "गाडीत दोष न्हाई, दाजी. दोष तुमच्या पायात हाय. वरच्या गेरात गाडी वढतासा, क्लचवर पाय ठेवून बसतासा. गाडी कशाला तापंल न्हाईतर?"

ते मलकापूर येईपर्यंत खिडकीतनं बाहेर बघत बसले. वीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला त्याचा पाय चुकतो म्हणून सांगितलं होतं मी. गॅरेजात आल्यावर हात धुऊन आईची पाटी बसवली आणि गाडी त्यांच्या ताब्यात दिली. दुसऱ्याच दिवशी तापली. आणि आठवड्यानं दाजी तो पंखा घेऊन माझ्या दारात उभे.

त्या दिवशी मी पंखा बसवला नाही. सरळ सांगितलं, रबरं कोल्हापुरातनं मागवतो, चार-पाच दिवस लागतील, ती घातली की मग बघू. दाजी पोतं तिथंच टाकून निघून गेले. चहा ठेवला होता, तो घेतला नाही. आमच्याकडं जावई चहा न घेता गेला म्हणजे काय ते सांगायला लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का आली. पहिल्या एसटीनं आली होती, बाकड्यावर बसली आणि पदरानं तोंड पुसत माझ्याकडं बघत राहिली.

"काय झालं?" मी विचारलं.

"रात्री जेवले न्हाईत."

"मग मी काय करू?"

"दौल्या, तेवढा पंखा बसीव."

"आक्का, तुला कळतंय का तो कसला पंखा हाय?"

"मला न्हाई कळत. पर तू न्हाई बसीवलास तर सर्जेरावाच्या मेस्तरीकडनं बसीवणार, असं म्हणत्यात. तो मेस्तरी कसा हाय तूच म्हणतोस. त्यापरास तुझ्या हातनं झालं तर माझा जीव खाली राहील."

"पाच दिवस थांबा म्हणालोय. पाच वर्षं न्हाई."

"माणूस रोज रस्त्यात उभा राहतोय रं. लोक हसत्यात त्येंच्याकडं. आन् वर तू म्हणालास पायात दोष हाय म्हणून. ते लागलंय त्येंच्या मनाला. तू एकदा बोललास की आमच्या घरात आठ-आठ दिवस कुणी बोलत न्हाई. तुला ते ठाव नसंल."

हे ऐकल्यावर मी शांत व्हायला हवं होतं. तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे रात्रंदिवस राबायचं मी, गाडी दुरुस्त करायची मी, धोका सांगायचा मी, आणि वाईटही मीच. म्हटलं, नाही ना ऐकायचं माझं? घ्या मग.

निरोप पाठवल्यावर दाजी दहा वाजता गाडी घेऊन आले. मी जुना पंखा उतरवला, कडं काढून बाजूला फेकलं, नवा बसवला. पातं हातानं फिरवून बघितलं. रेडिएटर आणि पातं यांच्यात माझं एक बोट जेमतेम जात होतं. अजूनही मी म्हणू शकत होतो, की रबरं येईपर्यंत गाडी इथंच राहील, चावी माझ्याकडं द्या. म्हणालो नाही. पाना टेबलावर टाकला आणि म्हणालो, "बसवलाय. आता तुम्ही आन् तुमचा पंखा."

"रबरं आली की सांगा, येतो," दाजी म्हणाले. आवाजात समेट होता. मी हात पुसत आत निघून गेलो.

पंखा चालला. हेच तर सगळ्यात वाईट झालं. गाडी विमानासारखी ओरडायची, दोन फर्लांगावरनं कळायचं दाजी आले म्हणून, पण तापली नाही. सर्जेराव मुद्दाम गॅरेजासमोर गाडी हळू करून विचारायचा, "काय दौलत, पंखा काय म्हणतोय?" मी मान वर करत नसे. सहाव्या दिवशी रबरं आली. पुडकं टेबलाखाली ठेवून दिलं. दाजींना निरोप पाठवायला हवा होता. पाठवला नाही. म्हटलं, गरज त्यांना आहे, येतील. येतो म्हणालेत ना.

अकराव्या दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमाराला सर्जेरावाची गाडी गॅरेजासमोर थांबली. ह्या वेळी त्यानं खिडकीतनं काही विचारलं नाही. खाली उतरला, जवळ आला.

"दौलत, चल. आकारामाला लागलंय."

घाटातल्या तिसऱ्या वळणावर एसटी टायर बदलायला उभी होती. वळणामुळं लांबून दिसली नाही. दाजींची गाडी रिकामी, उतारावर वेगात. त्यांनी ब्रेक मारला आणि गाडी डोंगराच्या अंगाला, गटारात घातली. एसटीला धक्कासुद्धा लागला नाही. एसटीतल्या लोकांनीच त्यांना उतरवून एका जीपमध्ये घातलं होतं. मी पोचलो तेव्हा फक्त गाडी होती.

केबिनमध्ये चढलो. इंजिनाच्या झाकणाला ड्रायव्हरच्या बाजूला एक वीतभर चीर पडली होती, पत्रा बाहेरच्या अंगाला फाटलेला. क्लचपाशी दाजींची एक चप्पल. सगळीकडं उकळत्या पाण्याचा, गंजाचा वास. झाकण उघडलं. रेडिएटरवर अर्धचंद्र कोरावा तशी कापलेली रेघ होती, आणि पंख्याला सातच पाती होती.

मी दाजींना जे जे सांगितलं होतं ते सगळं तसंच्या तसं झालं होतं. माझं एकही वाक्य चुकलं नव्हतं. मी तिथं फुटबोर्डावर बसलो.

दवाखान्यात आक्का भिंतीला टेकून बसली होती. मी समोर जाऊन उभा राहिलो. तिनं वर बघितलं. "तू बसीवलास म्हणून मी बिनघोर झालो हुतो रं," एवढंच म्हणाली.

पाय वाचला. गुडघ्याखालचं हाड फुटलं होतं आणि शीर तुटली होती. दीड महिना पलंगावर, मग कुबडी. डॉक्टरनं सांगितलं, चालता येईल, पण पाऊल घोट्यातनं वर-खाली होणार नाही. म्हणजे क्लच दाबता येणार नाही. म्हणजे गाडी संपली. दाजी हे ऐकताना छताकडं बघत होते. त्यांना दुसरं काही येत नव्हतं, आणि दुसरं काही आवडतही नव्हतं.

गाडी मी ओढून आणली. नवा रेडिएटर घातला, जुना सहा पात्यांचा पंखा परत चढवला, कडं बसवलं. टेबलाखालचं रबरांचं पुडकं उघडलं आणि तीही घातली. आईची पाटी गटारात दुमडली होती, ती सरळ करायला कोल्हापूरला कारागिराकडं दिली. आणि गाडी मीच चालवायला लागलो. आक्काचं घर चालायला पाहिजे होतं. सकाळी खाणीवर जायचो, दुपारी वर यायचो, मग गॅरेज उघडायचो.

गाडी तापली नाही. एक आठवडा गेला, दोन गेले, महिना गेला. चिरा तोच, घाट तोच, पंखा जुना. एकदाही थांबायला लागलं नाही.

मी काय केलं असेल? संध्याकाळी आक्काकडं चहाला बसलो होतो. दाजी पलीकडं पलंगावर पडलेले. मी म्हणालो, "बघ आक्का, महिना झाला. माझ्या हातात तापत न्हाई ती. मी तवाच सांगितलं हुतं." बोलून गेलो. दाजींनी भिंतीकडं कूस वळवली. आक्का कपबशा उचलून आत गेली ती मी उठेपर्यंत बाहेर आली नाही.

दीड महिन्यानं पाटी आली. कारागिरानं इतकी सरळ केली होती की दुमडलेली जागा दाखवली तरी कळू नये. अमावस्येला नारळ फोडून मी ती परत गाडीवर बसवली. दुसऱ्या दिवशी चिरा भरून घाटाला लागलो. दुसऱ्या वळणावर सहज काट्याकडं नजर गेली. काटा तांबड्यात.

गाडी कडेला घेतली. वाफ येत होती. आधी मला खरंच वाटलं, काटा बिघडला. मग बेल्ट बघितला, पंप बघितला, पाण्याचे पाइप बघितले. नवा रेडिएटर, नवा थर्मोस्टॅट, नवी रबरं. सगळं जागच्या जागी. मागनं एक गाडी हॉर्न वाजवून हसत गेली. मी पाण्याचा कॅन आपटला, गाडीच्या टायरला लाथ घातली, त्या गाडीला, कंपनीला, माझ्या नशिबाला तोंडाला येईल ते बोललो. आणि दमून समोरच्या दगडावर बसलो.

बसलो तर समोर पाटी. उन्हात चकचकत होती. खालनं दरीतनं वारा येत होता, माझ्या शर्टात भरत होता. तो वारा गाडीच्या तोंडावर जात होता आणि पाटीवर आपटून बाजूला होत होता. मी उठलो आणि पाटीच्या कडेला हात धरला. पंखा चालूच होता. पाटी आणि रेडिएटरसमोरची जाळी यांच्यातल्या दोन बोटांच्या फटीतनं तो हवा ओढत होता, माझ्या तळव्याला ती ओढ लागत होती. बाकी सगळी जाळी झाकलेली. एक भोकसुद्धा नाही. मीच तर सांगितलं होतं कारागिराला, भोकंबिकं पाडू नको, पाटी अखंड पाहिजे.

तेरा नंबरचा पाना घेतला. चार नट. रोजचं काम माझं. पहिला नट निघायला मला किती वेळ लागला कुणास ठाऊक. पाटी काढून सीटवर ठेवली, शेजारी, जिथं त्या दिवशी दाजी बसले होते. गाडी गार होऊ दिली आणि निघालो. वरपर्यंत काटा निम्म्यावर.

दाजी शेजारी होते त्या दिवशीही निम्म्यावरच होता. कारण त्या दिवशी मी पाटी बसवली नव्हती. आवराआवर आल्यावर करू म्हणालो होतो.

गाडी तशीच आक्काच्या दारात नेली. दाजी ओसरीवर कुबडी शेजारी ठेवून चहा पीत होते. मी पाटी घेऊन आत गेलो आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो.

"दाजी, पाटीनं तापत हुती."

दाजींनी बशी खाली ठेवली. "व्हय."

"तुम्हाला ठाव हुतं?"

"तुम्ही गाडी चालवलीसा त्या दिवशी ध्यानात आलं. पुढं पाटी नव्हती. मग एकदा मीच काढून बघितली, घाटाच्या खाली. न्हाई तापली. वर आल्यावर परत बसीवली."

"मग मला सांगायचं न्हाई?"

"सांगाय गेलो हुतो की." त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं. "तुम्ही म्हणालासा, पुढं काय आन् मागं काय."

मी पाटी मांडीवर घेतली.

"आन् सांगायचं तरी काय पावणं? तुमच्या आईचं नाव काढून ठेवा म्हणून? एकदा तिच्या मातीला आलो न्हाई, तर केवढं बोललासा. पाटी हाय तवर काय म्हणणं न्हाई, असंबी म्हणालासा. चार लोकांत म्हणालासा. मग पाटी उतरल्यावर काय?" त्यांनी डावा पाय दोन्ही हातांनी उचलून सरळ केला. "म्हटलं, मोठा पंखा बसीवला तर दोन्ही राहील. पाटीबी राहील आन् गाडीबी."

आक्का दारात उभी होती. तिला हे पहिल्यांदाच कळत होतं. तिनं पाटीकडं बघितलं, दाजींच्या पायाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं नाही.

मी रडलो. लाज वाटण्याच्या पलीकडं गेलो होतो. मी आयुष्यभर म्हणत आलो, माझं कुणी ऐकत नाही. आणि ह्या माणसानं माझा एक शब्द इतका ऐकला, की पाय अधू झाला तरी मोडला नाही. मी त्यांचे पाय धरायला गेलो. त्यांनी उजवा पुढं केला, डाव्याला अजून हात लागू देत नव्हते.

"उठा," ते म्हणाले. "ती पाटी कुठं ठेवणार आता?"

"ठेवतो माझ्या घरी. आत."

"नको. हितं लावा, आमच्या दारावर. तिची लेक हाय हितं." मग जरासे हसले. "आन् घर काय घाट चढत न्हाई."

त्याच संध्याकाळी लावली. चार नट, मीच. ह्याला आता अठरा वर्षं झाली. गाडी विकली, गॅरेज पोरानं घेतलं, माझा राग अजून आहे, पण बोलायच्या आधी मी समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देतो. आक्काकडं गेलो की आधी ती पाटी दिसते. कडी वाजवून मी तिच्याखाली उभा राहतो. दाजी म्हणतात, "आलो, आलो," आणि त्यांचा डावा पाय फरशीवर घासत दारापर्यंत येताना मला बाहेरून ऐकू येतो.